आईच्या गुडघ्यामागं गाठ आलीय, रिपोर्टात बेकर सिस्ट लिहिलंय. काढायची की ठेवायची?

खानापूरकडचा:
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आईचं वय ६१. आमचं गाव खानापूर तालुक्यात जंगलाच्या बाजूला, पाऊस म्हणजे पाऊसच, आणि तिचा सगळा जन्म चिखलात वाकून भाताचं रोप लावण्यात गेलाय. डावा गुडघा पाच सहा वर्षं झाली दुखतोय. ते वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं, खरं म्हणजे तिनंच सोडून दिलं होतं आणि आम्ही बरं झालं म्हणून गप्प बसलो. यंदा लावण संपली आणि आठ दिवसांनी न्हाताना तिच्या हाताला गुडघ्याच्या मागं लवणीत लिंबाएवढी गाठ लागली. पाय सरळ केला की टणक होते, वाकवला की मऊ पडते, कधी कधी सापडतच नाही. दुखत फारसं नाही पण मागं कुणीतरी चिंधी कोंबून ठेवल्यासारखं वाटतंय म्हणते, आणि मांडी घालून जेवायला बसली की उठवत नाही.

गाठ म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते समजून घ्या. आत्या फोनवरच रडायला लागली. तिच्या जावेची गाठ कॅन्सरची निघालेली, त्यामुळं तिला गाठ हा शब्दच चालत नाही.

बेळगावला नेऊन एक्सरे आणि सोनोग्राफी केली. एक्सरेत गुडघ्याची झीज ग्रेड ३ (चारपैकी), आणि सोनोग्राफीत बेकर सिस्ट, अंदाजे ५ बाय २ सेंटीमीटर. आईला वाचून दाखवलं तर म्हणते मी जन्मात बेकरीतलं खाल्लं नाही रे, बटर सोडून.

आता गोंधळ असा आहे की एका डॉक्टरांनी सुईनं पाणी काढूया म्हणाले, वीस मिनिटांचं काम. दुसऱ्यांकडे गेलो तर ते म्हणाले काही करायला नको, व्यायाम करा, वजन उतरवा, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कुठला व्यायाम ते विचारायचं राहूनच गेलं. आणि तिसरं म्हणजे शेजारच्या गावात एकजण गाठ चोळून "उतरवतो", आईचा कल तिकडं आहे. तिला शुगर आहे, गोळी चालू आहे, वजन ७४. माघात डोंगराला, म्हणजे सौंदत्तीला यल्लमाला जायचंच म्हणून हटून बसलीय.

कुणाला हे झालं असेल तर कृपा करून सांगा. गाठ काढावी का? तशीच ठेवली तर वाढते का? फुटते का?


शहापूरची आक्का:
मला आहे. उजव्या पायाला, सहा वर्षं झाली. शाळेत शिकवत होतो, बत्तीस वर्षं उभं राहून. (पुण्याकडच्या वाचकांनी घोटाळा करून घेऊ नका, मी बाईच आहे, आमच्या बेळगावात बायका पण आलो गेलोच म्हणतात.)

पहिलं आईंना सांगा की हा कॅन्सर नाही. गुडघ्यातलंच वंगणाचं पाणी मागच्या पिशवीत जाऊन साठलंय, दुसरं काही नाही. सोनोग्राफीत आत नुसतं पाणी दिसतंय असं लिहिलंय ना, बघा एकदा रिपोर्ट. मी पण पंधरा दिवस कुणाला न सांगता रात्री रडलो होतो.

आता पाणी काढण्याचं. मी दोनदा काढून घेतलो. पहिल्यांदा काढलं तेव्हा स्वर्ग. टेबलावरून उतरलो आणि पाय सरळ झाला, घरी जाताना रिक्षा न करता चालत गेलो शहाण्यासारखी. सहा आठवड्यांनी परत तेवढीच गाठ. दुसऱ्यांदा काढताना सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन पण दिले, त्यानं पाचेक महिने बरं वाटलं, मग परत आली. म्हणून मी सांगतो, काढणं वाईट नाही, पण काढली म्हणजे गेली असं धरून बसू नका. लग्नकार्य आहे, प्रवास आहे, ताठरपणा सोसवत नाही, तेव्हा त्याचा उपयोग.

आईंना शुगर आहे म्हणता तर एक लक्षात ठेवा, स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की पुढचे काही दिवस शुगर चढते. माझी बहीण घाबरून गेली होती ३००च्या वर आकडा बघून. आधी सांगितलं असतं तर घाबरली नसती. शुगरच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि तो आठवडा घरच्या मशीनवर बघत राहा.

मला खरा फरक कशानं पडला सांगू का? तीन गोष्टींनी, आणि तिन्ही ऐकायला अगदी बावळट आहेत. घरात खुर्चीचा संडास करून घेतलो. भाकरी थापायला खाली बसायचं सोडलो, ओट्यावर थापते आता, पहिल्या महिन्यात एकही भाकरी गोल आली नाही. आणि व्यायाम, रोज, वर्षभर. गाठ अजून आहे. हात लावला की लागते. पण मी हात लावायचंच सोडलो.


चिकोडीचा:
फुटते का विचारलाय म्हणून लिहितो, आमच्या आप्पांची फुटली होती.

आप्पा ७०चे, तंबाखूच्या रानात काम केलेला गडी, गुडघा दुखला तरी कुणाला सांगायचे नाहीत, आणि मागं गाठ होती हे आम्हाला माहितीच नव्हतं. एक दिवस पायरीवरून उतरताना पोटरीत काहीतरी तुटल्यासारखं झालं म्हणाले, गरम पाणी आत ओतल्यासारखं, आणि संध्याकाळपर्यंत पोटरी दुप्पट. लाल, गरम, हात लावू देईनात. आम्ही काय केलं? तिळाचं तेल गरम करून चोळत बसलो रात्रभर. आत्ता आठवलं तरी अंगावर काटा येतो, का ते पुढं सांगतो.

सकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, त्यांनी उसण भरलीय म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी घोट्याच्या खाली निळंकाळं पडायला लागलं, तेव्हा मेव्हण्यानं ओरडून गाडीत घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी पाय बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, चोळलाय का? मी खाली मान घालून होय म्हटलं. ते म्हणाले पोटरी अशी अचानक सुजली की आधी शिरेत रक्ताची गुठळी आहे का ते बघायचं असतं, आणि गुठळी असताना चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, माणूस जातो. मग डॉपलर केली, म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय का ते बघायची सोनोग्राफी. गुठळी नव्हती, सिस्ट फुटून पाणी पोटरीत उतरलं होतं. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं म्हणे, डॉक्टर लोकांना पण नुसतं बघून कळत नाही. आणि उलटं पण होतं, सिस्ट फुटलेली असताना गुठळी समजून रक्त पातळ करायची औषधं चालू केली तर आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून डॉपलर.

पुढं पाय उशीवर ठेवून आराम, बर्फ, दुखण्याची गोळी. तीन चार आठवड्यांत सूज उतरली. आप्पा आता म्हणतात ऑपरेशन न करता गाठ गेली माझी. गेली कुठली, वर्षाभरात परत आली, पण त्यांना सांगायचं कोण.

तर भाऊ, त्या चोळणाऱ्याकडं आईला नेऊ नकोस. हात जोडून सांगतो.


निसर्ग_हाच_वैद्य:
निगडीचा पाला तव्यावर गरम करून बांधा, वर एरंडाचं पान. २१ दिवसांत गाठ विरघळते. आमच्या आजीनं कित्येकांच्या गाठी घालवल्या. हे सुया टोचणारे लोक पैशासाठी करतात. गुडघ्याचं पाणी काढलं की वंगण संपतं आणि गुडघा कायमचा जातो.


शहापूरची आक्का:
निगडीचा शेक मी पण घेतो, थंडीत बरा वाटतो, ताठरपणा सुटतो, त्याला माझं काही नाही. पण विरघळते म्हणू नका. आणि मला दोनदा पाणी काढून सहा वर्षं झाली, वंगण संपलेलं नाही, उलट ते जास्त होतंय हीच तर तक्रार आहे. शुगर असलेल्या माणसाला तव्यावरचा गरम पाला बांधताना जपून, पायाची जाणीव कमी झालेली असते, चटका बसलेला कळत नाही. आमच्या गल्लीत एकाला तसंच होऊन जखम सहा महिने भरली नाही.


निपाणीचा फिजिओ:
धागा उशिरा बघितला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, डॉक्टर नाही, औषधाबद्दल बोलणार नाही.

खानापूरकर, तुमच्या आई भाताच्या रानातल्या आहेत म्हणून त्यांना असं सांगा. वरच्या खाचरात पाणी जास्त झालं की बांधाच्या भेगेतून खालच्या खाचरात उतरतं. खालचं खाचर म्हणजे ती गाठ. तुम्ही खालचं पाणी बादलीनं उपसून टाकाल, पण वर पाणी येतंच राहिलं तर संध्याकाळी परत भरणार. आणि इथला बांध असा लबाड आहे की पाणी मागं उतरतं पण सहसा परत पुढं जात नाही, एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपेसारखं. वरच्या खाचरात पाणी का वाढतं? कारण झीज झालेल्या गुडघ्याचं आतलं अस्तर चिडलेलं असतं आणि चिडलं की पाणी सोडतं. वाताचा आजार असेल, गादी म्हणजे मेनिस्कस फाटला असेल, गाऊट असेल, तरी तेच. म्हणजे गाठ हा आजार नव्हे, आतल्या आजाराचं पाणी आहे. मोठ्या माणसांत ही गाठ दिसली की गुडघ्यात काहीतरी असतंच असं समजून चालायचं.

ते बेकर म्हणजे विल्यम मॉरंट बेकर, लंडनमधले सर्जन, त्यांनी १८७७ मध्ये हे नीट लिहून ठेवलं. बटर खाल्ल्याचा संबंध नाही, आईंना कळवा.

आता व्यायाम, जो तुम्हाला कुणी सांगितला नाही. मांडीच्या पुढचा स्नायू जितका दमदार तितका गुडघ्यावरचा बोजा कमी. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. मग पाठीवर झोपून एक पाय वाकवून ठेवायचा, दुसरा सरळ ताठ ठेवून वीतभर उचलायचा, पाच मोजून हळू खाली. हे आठवडा दोन आठवडे जमलं की उंच खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं बसणं. सकाळ संध्याकाळ. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जास्त सुजलेला दिसला तर जास्त झालं म्हणायचं, निम्म्यावर या. गाठ ताणून बसवायला म्हणून कुणी मागच्या बाजूला जोरात ताण द्यायला लावेल, ते नको.

उकिडवं बसणं, मांडी, भारतीय संडास, हे गुडघा पूर्ण वाकवणारं सगळं काही महिने बंद. बाजारातली घट्ट नी कॅप दिवसभर चढवून ठेवू नका, मागं गाठ असताना घट्ट पट्टा बसला की खालचा पाय सुजतो. काठी घ्यायला लाजू नका, आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, म्हणजे डावा गुडघा तर उजव्या हातात. निपाणीच्या बाजारात दहा लोक काठी घेऊन दिसतात, त्यात आठ जणांची चुकीच्या हातात असते.

वजनाबद्दल लोक टोमणा समजतात म्हणून हिशेब सांगतो. अंगाचं एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो. ७४चे ६९ झाले तरी गुडघ्याला वीस किलोचं पोतं उतरवल्यासारखं आहे. दुपारचा भात निम्मा करा, लगेच उपाशी मारू नका.

आणि हे झालं तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना: पोटरी अचानक सुजली किंवा दम लागून छातीत दुखलं (१०८ला फोन), ताप येऊन गुडघा लाल गरम झाला, पाऊल बधिर किंवा थंड पडलं. गाठीवर बोट ठेवलं की नाडीसारखी उडतेय असं वाटलं तर ती गाठ नसून रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो, तिला सुई लावायचीच नाही. सोनोग्राफी झालीय म्हणून तुमची ती काळजी मिटली.


हिंडलग्याची:
मी ४२ची आहे, मला झिजेचा नाही, आमवात आहे, रुमेटॉइड. दोन्ही गुडघ्यांच्या मागं गाठी होत्या. मला पण दोन वर्षं सगळे झीज झीज करत होते, चाळिशीत कसली झीज? सकाळी उठल्यावर तासभर हाताची मूठ वळायची नाही, बोटांची पेरं सुजायची, ते मी कुणाला सांगितलंच नाही कारण तक्रार गुडघ्याची होती ना. रक्त तपासल्यावर कळलं. मेथोट्रेक्सेट चालू झालं, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही, हे मुद्दाम लिहिते कारण रोज घेऊन बायका आयसीयूत गेलेल्या आहेत. चार पाच महिन्यांनी आजार ताब्यात आला आणि गाठी आपोआप बारीक झाल्या, कुणी सुई लावली नाही.

दादा, आईंची बोटं, मनगटं सकाळी ताठतात का विचारून घ्या. बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत.


खानापूरकडचा:
सगळ्यांचे लई उपकार. रात्री आईला बसवून सगळं वाचून दाखवलं. आक्कांचं ऐकून डोळ्यात पाणी आलं तिच्या, आणि चिकोडीच्या आप्पांचं ऐकल्यावर चोळणाऱ्याचा विषय तिनंच बंद केला. बोटं ताठत नाहीत म्हणते.

एक विचारायचं होतं. गुडघा बदलला तर गाठ जाते का? आणि खर्च? गावात एकानं चार लाख सांगितलेत. गोळ्यांचं पण सांगा, ती मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी आणून रोज खातेय हे मला कालच कळलं. पदरात बांधलेली सापडली.


कॅम्पातला:
माझ्या सासूबाईंचा गुडघा बदललाय, दोन वर्षं झाली, त्यांना पण मागं गाठ होती. सर्जननं आधीच सांगितलं होतं की आम्ही मागच्या गाठीला हात लावणार नाही, सांधा बदलला की पाणी तयार व्हायचं कारण जातं, मग गाठ आपली आपण आक्रसते, पण लगेच नाही, आणि काहींची राहते. सासूबाईंची वर्षभरानं निम्मी झाली, अजून थोडी आहे, दुखत मात्र नाही. नुसती गाठ कापून काढायचं कुणी सुचवलं तर दहा वेळा विचारा. मागं रक्तवाहिन्या आणि नसा असतात, आणि आतलं कारण तसंच ठेवून गाठ कापली तर परत येते.

खर्चाचं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या सांध्याची कमाल किंमत बांधून दिली, नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. त्याच्या आधी तोच दीड लाखाच्या वर लावायचे. सांधा स्वस्त झाला पण खोली, भूल, सर्जन यांचं बिल ज्याचं त्याचं, म्हणून सांध्याचं बिल वेगळं मागून घ्या, त्यावर स्टिकर चिकटवलेलं असतं.

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. एपीएल असेल तर पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. पण थेट खासगीत जाऊन झोपायचं नाही, आधी सरकारी दवाखान्यात दाखवून रेफरल घ्यावं लागतं. आम्ही तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा आधार आणि रेशनकार्डावरच्या नावात फरक म्हणून परत पाठवले. एकात सासरचं नाव, एकात माहेरचं, आणि एक कानडीत एक इंग्रजीत, स्पेलिंगचा पत्ता नाही. ते आधी जुळवून ठेवा, ऑपरेशनपेक्षा त्यालाच जास्त दिवस लागतात.

२०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकानं हरकत घेतली. तेवढं माहीत असावं म्हणून लिहिलं. दोन राज्यांची ओढाताण मधी आणि गुडघा आमचा.

पण ६१ला आणि ग्रेड ३ला मी घाई करणार नाही. आमच्या सासूबाईंची हाडावर हाड घासत होती, रात्री झोप नव्हती. तुमच्या आई अजून रोप लावतायत!


शहापूरची आक्का:
पदरातली गोळी! माझ्या सासूची पण पदरातच असायची. हसू येतंय पण हसण्यासारखं नाही, त्या गोळ्या रोज खाल्ल्या तर पोटात अल्सर होतो, बीपी चढतं आणि मूत्रपिंडाला लागतं, शुगरवाल्याचं मूत्रपिंड आधीच नाजूक. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, एकदा करून घ्या. मला डॉक्टरांनी गोळीऐवजी तोच डायक्लोफेनॅकचा जेल लावायला दिला, गुडघ्याला पुढून आणि बाजूनं, अंगात फार कमी जातो. हळुवार लावायचा, रगडायचा नाही. ग्लुकोसामाइनच्या डब्या मी दोन वर्षं खाल्लो, फरक शून्य, त्या पैशात एक साडी झाली असती.


चिकोडीचा:
आक्का एक काय, चार झाल्या असत्या.


निसर्ग_हाच_वैद्य:
तुम्ही सगळे इंग्रजी औषधाचे गुलाम आहात. मी आता काही बोलत नाही.


शहापूरची आक्का:
बोला हो, रागावू नका. निगडी कुठं मिळते ते सांगा, आमच्याकडची वाळली.


निसर्ग_हाच_वैद्य:
मार्कंडेय नदीच्या काठाला भरपूर आहे. कडोलीकडं गेलात तर बांधावर पण मिळेल.


खानापूरकडचा:
अडीच महिन्यांनी लिहितोय, माफी असावी, सुगी चालू झाली होती.

काय काय झालं ते सांगतो. क्रिएटिनिन नशिबानं बरोबर आहे. पदरातली गोळी बंद, जेल चालू, फारच दुखलं तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली पॅरासिटामॉल. सुई लावली नाही. तिसऱ्या डॉक्टरांकडं गेलो (तालुक्यातल्याच, एमबीबीएस बाई आहेत, वीस मिनिटं बोलल्या, आम्हाला वाटलं फी जास्त घेतील), त्या म्हणाल्या पाय सरळ होतोय, पोटरी ठीक आहे, आधी तीन महिने व्यायाम करून बघू, नाही जमलं तर इंजेक्शनचं बघू.

व्यायामाचं पहिला महिना भांडणच होतं. टॉवेल दाबून काय होणार, मी काय बाळंतीण आहे का असं म्हणायची. मग फिजिओ सरांचं खाचराचं एकदा परत सांगितलं. ऐकून थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मग ते चिकोडीच्या आप्पांचा बांध फुटला म्हण की. त्या दिवसापासून करते. माझ्या पोरीला समोर बसवून आकडे मोजायला लावते, पोरगी पहिलीत आहे, पाचाच्या जागी तीनलाच थांबते आणि दोघी खूश.

वजन ७४ वरून ७१. भात कमी करायला तयार नाही, आपल्याच रानातला आहे म्हणते, त्याऐवजी संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा केला आणि जेवणात भाकरी वाढवली. गाठ आहे. मला वाटतं थोडी लहान झालीय, आईला वाटतं तेवढीच आहे, मापून कुणी बघितली नाही. पण सकाळी उठल्यावरचा ताठरपणा बराच कमी आहे आणि भिंतीला धरून चालायची ते सुटलं.

संडासात खुर्ची बसवली. पहिले आठ दिवस तिथं जायलाच तयार नव्हती. आता बाबा पण तीच वापरतात.

बसचं विचारायचं होतं. कर्नाटकात शक्ती योजनेमुळं बायकांना बस फुकट म्हणून ती आधार घेऊन डोंगराला जायला निघालीय, पण एसटीची पहिली पायरी केवढी उंच असते, आणि सौंदत्तीला तासाभरापेक्षा जास्त बसणं. गाडी करतो म्हटलं तर फुकट असताना पैसे कशाला म्हणते. कुणी गुडघेदुखीवाल्या माणसाला घेऊन गेलाय का तिकडं? वर किती चालावं लागतं?


निपाणीचा फिजिओ:
बसमध्ये पुढच्या दारानं, चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. सीट पुढची घ्या म्हणजे पाय लांब करता येतो, आणि तास झाला की बसल्या बसल्या घोटा वरखाली हलवत राहायला सांगा. बाकी डोंगराचं आक्काच सांगतील.


शहापूरची आक्का:
पौर्णिमेच्या गर्दीत नेऊ नका, रेटारेटीत गुडघ्याला धक्का बसला तर सगळं मुसळ केरात. त्याच्या आधीच्या आठवड्यात मंगळवार शुक्रवार सोडून मधल्या वाराला न्या, गाडी वरपर्यंत जाते, चालणं कमी. आईला म्हणावं देवी वार बघत नाही, आणि बघत असेल तर माझं नाव सांगा. काठी बरोबर घ्या. उजव्या हातात.